गोलबाजार आणि मराठीचा हिशेब

रायपूरच्या गोलबाजाराविषयी लिहिताना दुकाने, रस्ते व पालिका यांचा विचार होतो. भाषांचा क्वचितच होतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही उणीव खटकली पाहिजे.

भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडची गादी रतनपुरास होती. १८१८ साली कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभार रायपुरास हलविला. १८६७ मध्ये तेथे नगरपालिका आली. १८९१ साली नागपूर-आसनसोल लोहमार्ग पुरा झाला आणि ही पेठ मुंबई व कलकत्ता या दोन्ही बंदरांशी जोडली गेली. मराठी येथे आली ती दप्तराची भाषा म्हणून. बाजाराची बोली छत्तीसगढी व हिंदीच राहिली.

या विसंगतीतूनच एक महत्त्वाची घटना संभवली. १९०० साली पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे हे तिघेही मराठी भाषक. पुढे सप्र्यांनी ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. लाख्यांनी रायपुरात सहकारी पतपेढ्यांच्या चळवळीस वाहून घेतले. अशी माणसे मराठीला अंतरली, असा खेद व्यक्त करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास ती अमान्य आहे. ज्या समाजात राहावयाचे त्याच्या भाषेत लिहिणे हा स्वभाषेचा त्याग नव्हे. घरच्या भांडवलावर परपेठेत केलेला तो व्यापार होय, आणि त्याची नोंद दोन्ही खात्यांवर व्हावयास हवी.

१९५६ पर्यंत नागपूर ही रायपूरचीही राजधानी होती आणि मध्य प्रांतात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळकडे वळले. २००० साली ते स्वतःच राजधानी झाले. आता घाऊक व्यापार पंडरी, डुमरतराई अशा बाहेरच्या पेठांकडे सरकला आहे. जुन्या पेठेचे रूप पालटताना चोपड्या, हस्तपत्रके, लग्नपत्रिका, छापखान्यांचे नमुने प्रथम रद्दीत जातात. भाषांच्या सहवासाचा पुरावा ग्रंथालयांपेक्षा अशाच कागदांत अधिक सापडतो.

म्हणून हिंदी व मराठी विभागांनी संयुक्तपणे या कागदांची पाहणी हाती घ्यावी. प्रांतवार वाटलेला वाङ्मयेतिहास हे काम करू शकत नाही. कारण बाजाराने भाषांच्या सीमा कधी मानल्याच नाहीत.