बुट्टी मोजून मोटिफ सापडत नाही

‘मोटिफ म्हणजे कलाकृतीत पुन्हा पुन्हा येणारा घटक.’ मराठी एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत ही व्याख्या इतक्या निष्ठेने उतरवली जाते की तिच्याविषयी शंका घेणे हा अभ्यासक्रमद्रोह वाटावा. व्याख्या चूक नाही, अपुरी आहे. आणि अध्यापनात अपुरी व्याख्या चुकीच्या व्याख्येहून अधिक घातक ठरते. तिच्यामुळे विद्यार्थी वाचणे सोडून मोजू लागतो. पाऊस सात वेळा, खिडकी पाच वेळा, सबब मोटिफ!

गोंधळाचे मूळ असे की हा एकच शब्द अनेक घरी नांदतो. वस्त्रकलेत तो नक्षीचा घटक आहे. पैठणीवरची मुनिया प्रत्येक ठिकाणी सारखीच उतरावी, यातच विणकराचे कसब. त्यासाठी ‘बुट्टी’, ‘नक्षी’ हे आपले शब्द पुरेसे आहेत. लोकसाहित्याच्या अभ्यासात स्टिथ थॉम्पसन यांनी त्याला परंपरेत टिकून राहणारा कथेचा लहानात लहान घटक मानले. तेथे ‘कल्पनाबंध’ चालतो. साहित्यसमीक्षेत मात्र आपण त्याला कधी ‘आकृतिबंध’ म्हटले, आणि तोच शब्द ‘फॉर्म’साठीही वापरला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘हलवणे’. आपण त्याला बांधून टाकले.

आमच्या खोपटला वारली चित्रे परकी नाहीत. डहाणू-तलासरी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. चौकाची रीत ठरलेली, पण प्रत्येक खेपेस तो एका नव्या जोडप्यासाठी, नव्या भिंतीवर उतरतो. तोच चौक चहाच्या कपावर हजार वेळा छापला की त्याची बुट्टी होते. रेषा त्याच, फरक पडतो तो पुनरागमनाने काही घडते की नाही यामुळे.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला (१९८५) गंजत पडलेला ट्रॅक्टर घ्या. प्रथम तो निव्वळ अडगळ वाटतो. देशपांड्यांच्या घरातले एकेक वास्तव उघडे पडत जाते तसतसा त्याचा प्रत्येक उल्लेख अधिक जड होत जातो. ट्रॅक्टर तसूभरही हलत नाही. हलते ते आपले आकलन. हे उल्लेख मोजून काय हाती लागणार?

‘विद्यार्थ्यांना सोपे करून सांगावे लागते’ हा बचाव नेहमीचा आहे. सोपे अवश्य करावे, पण सोपे करताना मूळ वस्तूच हरवू नये. आणि ‘मोटिफ’ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा वादही थोडा थांबू शकतो. ‘पेन’ आणि ‘टेबल’ पचवलेल्या भाषेला हा एक शब्द जड नाही. बदलायला हवा तो आपला प्रश्न. घटक किती वेळा आला, असे परीक्षेत विचारणे बंद करावे. दुसऱ्यांदा येताना त्याने सोबत काय आणले, हे विचारावे.