रंग न लावता पाहताना

मेंदूतील गाठ काढताना शल्यविशारदापुढे पुन्हापुन्हा एकच प्रश्न उभा राहतो: समोरची ऊती गाठीची की निरोगी? नेहमीच्या पद्धतीत तुकडा गोठवायचा, पातळ काप काढायचे, रंग द्यायचा, मग तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. यात अर्धा-अर्धा तास जातो आणि तोवर रुग्ण भुलीखाली असतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २७८ रुग्णांच्या चाचणीत हेच निदान रंगाविना, संगणकाच्या मदतीने अडीच मिनिटांच्या आत झाले. अचूकता ९४.६ टक्के, रूढ पद्धतीची ९३.९. म्हणजे यंत्र सरस ठरले असे नव्हे, पण मागेही पडले नाही.

यामागचे तत्त्व आपल्याला परके नाही. कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसले, की पदार्थातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग आपला रंग बदलतो. हा बदल रेणूंच्या कंपनांवर ठरतो. चरबीचा रेणू वेगळा थरथरतो, प्रथिनाचा वेगळा. साहजिकच रेणू आपली ओळख स्वतःच सांगतो. अडचण एवढीच, की विखुरलेल्या कोटीभर प्रकाशकणांत असा एखादाच. दोन लेसर जुळवून हा क्षीण संकेत कैक पटींनी वाढवणारा सूक्ष्मदर्शक २००८ साली हार्वर्डमधील संशोधकांनी मांडला, त्यामुळे जिवंत पेशी वेगाने पाहणे सोपे झाले.

उरला प्रश्न बारकाव्याचा. प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळलेले दिसतात, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगितले होते. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ही मर्यादा ओलांडणाऱ्यांनाच मिळाले. पण त्यांच्या पद्धतींना चमकणारे रेणू चिकटवावे लागतात. यातले एक लोकप्रिय हिरवे प्रथिन २३८ अमिनो आम्लांचे आहे. औषधाच्या चिमुकल्या रेणूला एवढे शेपूट बांधल्यावर तो पूर्वीसारखा वागेलच कसा?

म्हणून रंगाविना बारकावा वाढवण्याची धडपड सुरू आहे. अवरक्त लेसरऐवजी कमी तरंगलांबीचा दृश्य प्रकाश वापरला तर चित्र नेटके होते, मात्र पेशीला इजा होण्याचा धोका वाढतो. दुसरा मार्ग गणिताचा: यंत्राने प्रकाश किती पसरवला हे ठाऊक असेल, तर धूसर प्रतिमेवरून मूळ चित्र शोधता येते. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये याच वाटेने पेशीतील चरबीच्या थेंबांचे सुमारे ५९ नॅनोमीटरपर्यंतचे तपशील दाखवले.

हे यश मोठेच. तरीही गणिताने काढलेली कडा हा अखेर एक अंदाज असतो, आणि मूळ संकेतात गोंगाट असेल तर नसलेली रेघही उमटू शकते. शस्त्रक्रियागृहात तर एवढ्या बारकाव्याची गरजही नाही. तिथे काही मायक्रोमीटरची पेशीकेंद्रे स्पष्ट दिसली की पुरते. औषध पेशीत नेमके कुठे साठते, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांना मात्र तो हवाच आहे. अशी यंत्रे उद्या रुग्णालयांत येतील तेव्हा सुधारलेल्या चित्राशेजारी मूळ, धूसर प्रतिमाही डॉक्टरांपुढे ठेवण्याची अट आतापासूनच घालायला हवी.