टेस्ट फेल? आधी घड्याळ बघा!

लाल रंगाशी आपलं नातं शाळेपासूनच बिघडलेलं. प्रगतिपुस्तकातली लाल रेघ, सिग्नलचा लाल दिवा, अप्रेझलच्या एक्सेल शीटमधला तो एक लाल सेल... लाल दिसलं की पोटात गोळा! त्यात हल्ली आणखी एका लालची भर पडलीय. आपल्यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून रात्री कोडिंग शिकतायत. पहिलंवहिलं वेब अ‍ॅप्लिकेशन तयार होतं, हौसेने ऑटोमेटेड टेस्ट रन केल्या जातात आणि स्क्रीनवर येतं, ‘फेल्ड’. मग काय? ‘आपल्याला नाही जमायचं हे’ म्हणत लॅपटॉप बंद!

फ्रेंड्स, जरा थांबा.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेस्ट म्हणजे तुमच्या प्रोग्रामला विचारलेला प्रश्न, ज्याचं बरोबर उत्तर तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असतं. प्रोग्रामचं उत्तर जुळलं तर ‘ग्रीन’, नाही जुळलं तर ‘रेड’. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना चक्क विमानात बसून ‘जेयुनिट’ हे टेस्टिंगचं टूल लिहिलं आणि हा लाल-हिरव्याचा खेळ जगभर पसरला.

आता माझ्या रूममेटची गोष्ट. दिवसा ती अकाउंट्समध्ये डोकं घालून बसते, रात्री पायथन आणि जँगो शिकते. जँगोबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे, कारण त्याचा जन्म पेपरच्या ऑफिसातला! अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावातल्या एका वृत्तपत्रासाठी काम करताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते तयार केलं आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारिस्टचं. डेडलाइनवाल्यांनी डेडलाइनवाल्यांसाठी बनवलेली गोष्ट, म्हणजे आपलीच की!

तर या बाईंनी अ‍ॅप बनवलं आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंसाठी. उद्या डबा हवा की नको, हे प्रत्येकाने रात्री दहापर्यंत टाकायचं. काकू पहाटे पावणेपाचला मोबाइल उघडणार, ‘आजचे डबे’ बघणार आणि तेवढीच कणीक मळणार. अ‍ॅप काकूंच्या हातात सोमवारी जाणार होतं आणि तेच प्रोजेक्ट मंगळवारच्या इंटरव्ह्यूला दाखवायचं होतं. अकाउंट्समधून सुटका होण्याचा पहिला चान्स!

टेस्ट होत्या बारा. अकरा पास, एक फेल. ती टेस्ट आजच्या तारखेची एक ऑर्डर टाकायची आणि ‘आजचे डबे’मध्ये एक डबा दिसतोय का ते बघायची. दिसायचे शून्य! गंमत म्हणजे शनिवारी दुपारी चालवली तर पास. रात्री साडेबाराला पुन्हा फेल. कोडमधलं एक अक्षर बदललेलं नाही.

सुरुवातीला तिने सगळे नेहमीचे उपाय केले. तुमच्याही कामाला येतील म्हणून सांगते. एक, एरर मेसेज खालून वर वाचायचा, कारण मुद्द्याचं वाक्य तळाशी असतं. दोन, ‘एफ’ आणि ‘ई’ यांत गल्लत करायची नाही. एफ म्हणजे उत्तर चुकलं, ई म्हणजे प्रोग्राम उत्तरापर्यंत पोचलाच नाही, मध्येच कोसळला. तीन, जँगो टेस्टसाठी वेगळा, कोरा डेटाबेस बनवतं आणि काम झालं की मोडून टाकतं. त्यामुळे तुम्ही हाताने भरलेला डेटा टेस्टला दिसतच नाही, तिथे लागणारी माहिती टेस्टमध्येच तयार करावी लागते. चार, 200 च्या जागी 302 आलं तर घाबरायचं नाही. बहुतेक वेळा पानाला लॉगिन हवं असतं आणि टेस्टने ते केलेलं नसतं. आणि पाच, टेस्टच्या फंक्शनचं नाव ‘टेस्ट’नेच सुरू व्हायला हवं, नाहीतर ती चालतच नाही आणि आपण उगाच खूश!

यातलं काहीच लागू पडेना. रात्री एक वाजता मॅडम वैतागल्या. ‘टेस्टच येडी आहे गं! दिवसा पास होतेय ना? उडवून टाकते. अकरापैकी अकरा ग्रीन, इंटरव्ह्यूला कोण बघायला येतंय!’

मला कोड कळत नाही. पण मास कॉमला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात भरवतात: कोण, काय, कुठे, कधी, का. यातला ‘कधी’ कुणी विचारलाच नव्हता. म्हटलं, ‘उडव, पण सकाळी. आधी किती वाजता फेल होते ते तर लिहून काढू.’ मग काय, वही, चहा आणि दर थोड्या वेळाने एक रन. दीडला फेल. तीनला फेल. सव्वापाचला फेल. पाच चाळीसला... पास!

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. साडेपाच! भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, बरोब्बर साडेपाच तास पुढे असते. सेटिंगमध्ये तिने ‘आशिया-कोलकाता’ नीट लिहिलं होतं. पण जँगोचं ‘टाइमझोन डॉट नाऊ’ तरीही यूटीसीतलीच वेळ देतं आणि पानावरची ‘आजची’ तारीख तिने थेट त्यातून काढली होती. टेस्ट मात्र पायथनची साधी ‘टुडे’ वापरत होती, म्हणजे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या दोन तारखा वेगळ्या! दिवसा त्या आपोआप जुळतात, म्हणून सगळं आलबेल दिसतं.

आणि काकू अ‍ॅप कधी उघडणार? पावणेपाचला! म्हणजे रोज पहाटे त्यांना कालचीच यादी दिसली असती. काल पंचवीस डबे आणि आज चाळीस असतील, तर पंधरा जण उपाशी. उलटं झालं तर पंधरा जणांची भाजी-पोळी वाया. हातावर पोट असलेल्या बाईला दोन्ही परवडणारं नाही. जिला ‘येडी’ म्हटलं, ती एकटीच टेस्ट खरं बोलत होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: तारीख ‘टाइमझोन डॉट लोकलडेट’ने घ्यायची. पण तिने आधी टेस्ट बदलली. टेस्टपुरतं घड्याळ पहाटे पावणेपाचवर अडकवलं, म्हणजे भर दुपारीही ती फेल होईल. ती तशी झाल्यावरच कोडला हात लावला. मग रन. बाराच्या बारा ग्रीन! हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का. बिघाड हवा तेव्हा पुन्हा घडवता आला, तरच तो खरंच गेला की नाही ते कळतं.

इंटरव्ह्यूत तिने ही फेल झालेली टेस्टच आधी दाखवली. निकाल अजून यायचाय. काकूंची यादी मात्र रोज बरोबर येतेय.

तेव्हा मंडळी, एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल होत असेल, तर तिला येडी ठरवण्याआधी वेळ टिपा. ऑफिसातही असा एखादा कलीग असतोच, जो भर मीटिंगमध्ये ‘हे चालणार नाही’ म्हणतो आणि सगळ्यांच्या डोक्यात जातो. त्यालाही गप्प करण्याआधी एकदा विचारून बघा, ‘नक्की कधी चालत नाही?’