फोनवरची मुलाखत : ‘डॉक्टर का व्हायचंय?’ हे आधी घरात विचारा



अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना आपण दोन वर्षांत काय काय विचारतो ते आठवून बघा. टेस्टमध्ये किती पडले? ऑरगॅनिक केमिस्ट्री झाली का? क्लासला दांडी का मारलीस? ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हे मात्र विचारायचं राहूनच जातं. ‘नीट’ही ते विचारत नाही. 180 प्रश्न, 720 गुण आणि त्यावर ठरणारं कॉलेज. पुण्याच्या एएफएमसीत ‘नीट’नंतर मुलाखत होते, पण तो अपवाद. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधीविचारांवर वेगळा पेपर असायचा. आता तिथेही ‘नीट’च.

आज हा विषय काढायला कारण आहे. प्रभादेवीत इतकी वर्षं शिकवतेय, त्यामुळे माजी विद्यार्थी जगभर पसरलेत आणि आता त्यांची मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर आलीत. अमेरिकेतून फोन येतात, ‘बाई, मुलीची मुलाखत आहे, जरा बोलता का तिच्याशी?’

तिथे नेहमीचा रस्ता असा असतो, की आधी चार वर्षांची पदवी, मग पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा आणि मग चार वर्षं मेडिकल. पण काही विद्यापीठं शाळेतून निघतानाच दोन्हींचा प्रवेश एकत्र देतात. कॅन्सस सिटीत मिसुरी विद्यापीठाचा असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा, आणि कॉलेज ऑफ न्यू जर्सी व न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांचा मिळून सात वर्षांचा. जागा मूठभर आणि मार्क सगळ्यांनाच उत्तम, म्हणून अशा बऱ्याच ठिकाणी मुलाखत ठेवतात. कुठे समोरासमोर, कुठे व्हिडिओवर, तर कुठे पहिली चाळणी फोनवर. मी बोलतेय ती या फोनवरच्या मुलाखतीबद्दल.

पालकांची तयारी बहुतेक एकाच छापाची असते. संभाव्य प्रश्नांची यादी करायची, उत्तरं लिहायची (बऱ्याचदा बाबांनी), आणि मुलीने ती फोनसमोर ठेवून म्हणायची. समोरच्याला दिसतंय कुठे! माझं स्पष्ट मत आहे, की ही तयारी नुसती वाया जात नाही, ती नुकसान करते. दिसत नाही म्हणूनच जास्त ऐकू येतं. आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला हे सांगायची गरज नाही. नटाने कागदावरून वाचलेलं वाक्य कोणतं आणि मनातून आलेलं कोणतं, हे स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरताही कळायचं. मुलाखत घेणारे प्राध्यापक तर रुग्णाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारे लोक. सतरा वर्षांची मुलगी बावन्न वर्षांच्या बापाची वाक्यं बोलतेय, हे त्यांना कळणार नाही?

अशाच एका मुलीशी मी बोलले. आमच्या शाळेत शिकलेल्या एकीची ही लेक, वाढली सगळी न्यू जर्सीत. तिच्याकडचे सकाळचे नऊ म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. ‘डॉक्टर का?’ म्हटल्यावर तिने इंग्रजीत धडाधडा दीड मिनिटाचं उत्तर म्हटलं. समाजसेवा, विज्ञानाची आवड, लहानपणापासूनचं स्वप्न. एकही शब्द खोटा नव्हता, पण त्यात ती कुठेच नव्हती. मी म्हटलं, आता हेच मला मराठीत सांग, मोडकंतोडकं चालेल. मराठीत तिला पाठ काहीच नव्हतं. ती अडखळली, थांबली आणि मग आजीबद्दल बोलायला लागली.

आजी इथून तिकडे राहायला गेली होती. पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून नातीला न्यायचे. डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती दुखतंय? आजी म्हणायची, ‘फार नाही गं, मधूनच कळ येते.’ आता कळ म्हणजे दहापैकी किती? पुढच्या वेळी आजी म्हणाली, आज ठणकतंय. मग एकदा, नुसती आग होते. एकदा पाठीत चमक भरली. डॉक्टर प्रत्येक वेळी एकच इंग्रजी शब्द लिहून घेत होते. पोरीच्या लक्षात आलं, की आजी वेगवेगळी दुखणी सांगतेय आणि पलीकडे ती एकच होऊन पोचतायत. त्या दिवशी घरी येऊन तिने आईच्या मदतीने या शब्दांची वही केली. कळ कशी येते-जाते, ठणका कसा टिकून राहतो, चमक कशी क्षणात जाते. पुढच्या भेटीत वही डॉक्टरांपुढे ठेवली.

मी विचारलं, हे तुझ्या उत्तरात का नाही? म्हणे, ‘ते तर घरातलं आहे.’

मित्रांनो, या ‘घरातलं आहे’ने आपल्या मुलांचं फार नुकसान केलंय. त्यांना वाटतं उत्तर म्हणजे निबंध, आणि निबंध म्हणजे मोठे शब्द. ही सवय कुठून आली हे आपण शिक्षकांनी एकमेकांना विचारायला हवं.

दीडशे वर्षांमागे बघू या का थोडं? आनंदीबाई जोशी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजमध्ये बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावं पूर्ण व्हायचं होतं. म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलींएवढ्याच. अमेरिकेला का जाता, इथे शिकायची सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय, असे लोक त्यांना विचारत असत. ते प्रश्न त्यांनी स्वतःच सभेपुढे मांडले आणि एकेकाला इंग्रजीतून उत्तर दिलं. दहा दिवसांचं बाळ गेलेलं होतं. बायकांना बाईडॉक्टर मिळत नाही हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पुढे त्या राहिल्या त्याही न्यू जर्सीतच, रोझेलला कार्पेंटर कुटुंबात, आणि 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. गोपाळरावांचा रेटा मागे होता हे खरंच. पण त्या सभेत बोलल्या त्या आनंदीबाई.

आता थोडं व्यवहाराचं. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, म्हणून ‘हो’, ‘बरोबर’ हे तोंडाने म्हणायला लागतं. गप्प बसणं मात्र दुप्पट लांब वाटतं, तेव्हा ‘जरा विचार करून सांगते’ असं सांगून खुशाल थांबावं. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला सांगणं हा कमीपणा नाही. अंदाजाने भलतंच उत्तर देणं वाईट. समोर कागद हवाच असेल तर त्यावर वाक्यं नकोत, चार शब्द पुरे. आमच्या मुलीच्या कागदावर ‘आजी, वही’ एवढंच होतं. मुलाखत घेणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच लिहून घ्यावं. फोन चार्ज करून, ताठ बसून बोलावं, लोळत बोललेलं आवाजात उतरतं. कुकर, दाराची बेल आणि काळजीने दर दोन मिनिटांनी डोकावणारी आई, या तिन्हींचा बंदोबस्त आधी करावा.

वर्गात याचा सराव सोपा आहे. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा आणि पाच मिनिटं बोलू द्या, एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. विषय द्या साधे. मी एकदा दिला होता, ‘टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ’. इथली मुलं परळला जाता-येता तो रोज बघतात. बाहेरगावाहून आलेले पेशंट, त्यांच्या पिशव्या, फायली. ‘घरचे म्हणतात, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका. तू डॉक्टर असशील तर काय करशील?’ हा प्रश्न अशा मुलाखतींत हमखास शोभेल असा आहे, आणि याचं एक बरोबर उत्तर नाही. मुलांनी ‘सांगायचंच’ आणि ‘नाही सांगायचं’ असे दोन तट पाडले. मग एकजण म्हणाला, ‘पण बाबांना काय हवंय ते कुणी विचारलं का?’ नववीतला मुलगा होता. गणितात काठावर पास.

आणि पालकहो, मुलाखत देणार नसलेल्या, ‘नीट’च्याच रांगेत असलेल्या मुलांसाठीही हा फोन एकदा लावा. तुम्ही नको, एखादी मावशी, काका, जुने शेजारी, ज्यांचा मेडिकलशी संबंध नाही असं कुणीतरी. वीस मिनिटं. तुम्ही दुसऱ्या खोलीत. नंतर ‘काय काय बोललीस?’ म्हणून उलटतपासणी नको.

‘आणि ती नकोच म्हणाली तर?’ एका आईने मला विचारलं. म्हणू शकते. सतराव्या वर्षी सात-आठ वर्षांचा करार करायला काही मुलं खरंच तयार नसतात. अमेरिकेत त्यांना आधी साधी पदवी घेऊन नंतर मेडिकलला जाता येतं. आपल्याकडे फिजिओथेरपी आहे, नर्सिंग आहे, मायक्रोबायोलॉजी आहे, आणि या सगळ्याशी संबंध नसलेलंही पुष्कळ आहे. फक्त हे बोलणं वेळेत व्हायला हवं. तिकडचे बरेच अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरातच भरावे लागतात, म्हणून दिवाळीची वाट बघू नका. गणपतीत सगळे घरी असतातच.