दिंडोरीची लढाई आणि मुंबईची भीती

ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरत दुसऱ्यांदा लुटून बागलाणमार्गे परतत होते. दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेने त्यांना वणी-दिंडोरीजवळ गाठले. मराठ्यांनी उघड्या मैदानात ही फौज मोडली आणि लूट सुखरूप पुढे नेली. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना हा माणूस अजूनही बादशहाचा बंडखोर वाटत होता. पण बंडखोर म्हणून हिणवलेल्या सत्तेशी तहाची बोलणी करायला १६७२ मध्ये उस्टिक आणि १६७३ मध्ये निकल्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे वकील गेले. १६७४ च्या राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि लगोलग तहही झाला. राज्य तेच होते. माझ्या मते बदलला तो कंपनीच्या भीतीचा हिशेब.

ही भीती दुहेरी होती. सुरतेचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चाले, तर १६६८ मध्ये कंपनीच्या हाती आलेल्या मुंबईचे धान्य आणि सरपण समोरच्या मराठी मुलखातून येई. कंपनीचे हे वागणे म्हणजे निव्वळ व्यापाऱ्यांची हाव होती, तिला परराष्ट्र धोरण कशाला म्हणायचे, असे कोणी विचारील. नुसती हाव असती, तर मोगलांचा आरमारी सरदार असलेल्या सिद्दीला कंपनीने पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा दिला नसता. या आसऱ्यामुळे महाराज दुखावत होते आणि रसद तुटण्याचा धोका होता. तरी सुरतेच्या सुभेदाराच्या धाकाने सिद्दीला घालवून देण्याचे धाडस कंपनीला झाले नाही. महाराजांच्या स्वराज्याला मी क्रांतिकारी सत्ता मानतो. तसे म्हणणे आजचे शब्द कालवर लादणे आहे, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण जहागीरदाराच्या मुलाने बादशाही फर्मानावाचून सिंहासनावर बसणे, स्वतःचा शक आणि स्वतःचे नाणे सुरू करणे, याने राज्य कोणी करावे याचा तोवरचा नियमच उलटला. १९१७ च्या क्रांतीनंतर ब्रिटनने सोव्हिएत सरकारशी आधी १९२१ मध्ये व्यापारी करार केला आणि मान्यता १९२४ मध्ये दिली, तिथेही आधी व्यवहार आणि मग मान्यता, हाच क्रम दिसतो.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मात्र कंपनीने तहाकडे पाठ फिरवून सिद्दीच्या जोडीने गलबते पाठवली. काम थांबले नाही. १६८० च्या आरंभी कंपनीला समेट करावा लागला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली आणि शेजारच्या उंदेरीवर सिद्दी ठाण मांडून बसला.