व्यापाऱ्याचा पैसा आणि विद्यापीठाची लेखणी

विद्यापीठांनीं व्यापाऱ्यांशीं सहकार्य करून परदेशी व्यापाराचें संशोधन हातीं घ्यावें, अशी सूचना अलीकडे पदवीदानाच्या भाषणांतून वारंवार ऐकूं येते. तिच्यावरून आमच्या सुशिक्षितांत दोन तट पडले आहेत. एकास वाटतें कीं, पेढीवरचा पैसा शिवला कीं सरस्वतीला विटाळ झालाच. दुसऱ्यास वाटतें कीं, जो पैसा देतो त्यानेंच विषय नेमावा आणि निष्कर्षही. आमच्या मतें दोघेही चुकतात; पण दुसऱ्याची चूक अधिक घातक आहे.

पहिल्या पक्षानें मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याकडे एकदां डोळे उघडून पाहावें. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयासाठीं दोन लाख व मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. हा पैसा आला कोठून? १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि खुद्द त्या दात्यासह अनेक घराणीं बुडालीं. मनोरा मात्र १८७८ त पुरा झाला. तेव्हां व्यापाराच्या पैशानें विद्येस विटाळ होत असेल, तर आमच्या पदव्यांना तो केव्हांच झालेला आहे! आमची तक्रार निराळी आहे. ज्या कापसानें मनोरा बांधला, त्याचे भाव लिव्हरपूलच्या बाजारांत कां चढतात आणि कां पडतात, हें शोधण्याची सोय त्या दानांतून झाली नाहीं. वाणिज्याचें सिडनहॅम महाविद्यालय निघावयास १९१३ साल उजाडावें लागलें.

हें अज्ञान आजही महाग पडतें. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सांपडल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं. कित्येक बागाईतदारांना परक्या देशाचा नियम कळला तो माल अडल्यावर. ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ त ती खुली झाली, पण ४० टक्के शुल्कासह. या पांच महिन्यांत शहरच्या गृहिणीचे किती वांचले, नाशिकच्या शेतकऱ्याचे किती गेले, आणि आपलें गिऱ्हाईक कोणत्या देशानें ओढून नेलें? सरकारनें हिशेब केला तर तो सरकारच्या सोयीचा, निर्यातदारानें केला तर त्याच्या सोयीचा. येथें तिऱ्हाईत हिशेबनीस हवा, आणि ती जागा विद्यापीठाची आहे. या कामास वर्षानुवर्षें माणसें पोसावीं लागतात. तो खर्च या व्यापारांत नफा मिळविणाऱ्यांनीं उचलण्यांत गैर कांहींच नाहीं. शिवाय जहाजाचें भाडें, विमा, नासाडी यांचा जो तपशील व्यापाऱ्याच्या वह्यांत असतो, तो कोणत्याही ग्रंथालयांत नसतो.

पण येथेंच दुसरा पक्ष आडवा येतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा त्याचा न्याय. या न्यायाचें फळ पाहा. १९६७ सालीं हार्वर्डच्या कांहीं संशोधकांनीं हृदयविकाराविषयीं लेख लिहून साखरेवरील संशय हलका केला व चरबीकडे बोट दाखविलें. त्यासाठीं साखरधंद्याच्या संस्थेनें पैसे दिले होते, हें जगाला २०१६ त कळलें. दूर कशाला जा? कांहीं वर्षांपूर्वीं निर्यातदारांच्या एका मंडळानें कांद्याच्या भावाची पाहणी करण्यास आमच्या महाविद्यालयाला मदत देऊं केली. अट एकच : अहवाल आधीं मंडळास दाखवावा, आणि मंडळास रुचेल तेवढाच छापावा. मीं नकार दिला. त्यामुळें दोन गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या बुडाल्या, ही टोंचणी मनाला अजून आहे. तरी तीच अट पुन्हा आली तर उत्तरही तेंच मिळेल.

म्हणून करार व्हावेत, पण तीन अटींवर. पैसा संशोधकाच्या हातीं न देतां विद्यापीठाच्या निधींत पडावा, व त्याचा आंकडा जाहीर व्हावा. प्रश्न व्यापाऱ्यानें खुशाल सुचवावा, परंतु पद्धति व निष्कर्ष यांस त्यानें हात लावूं नये. आणि अहवाल गोड असो वा कडू, ठरल्या मुदतींत मराठींतही छापला जावा. कारण ज्याचा माल बंदरांत अडतो तो बागाईतदार इंग्रजी नियतकालिकें चाळीत बसत नाहीं.

यांत व्यापाऱ्याचेंही हितच आहे. गोड बोलणाऱ्यांचा तुटवडा १८६५ च्या मुंबईतही नसेल. कडू आंकडा वेळेवर सांगणारा हवा होता. ज्यांना या अटी जाचक वाटतात त्यांनीं खुशाल आणखी एक मनोरा बांधावा. त्याच्या घड्याळाचे ठोके ऐकून वेळ कळेल; बाजार कळणार नाहीं.