दुबईचे पाच टक्के कोणाच्या खिशात?

परदेशातून येणाऱ्या मालावरच्या कराला मराठीत पूर्वीपासून जकात म्हणत आले आहेत. आपल्या घरांत जकात म्हटली की मनात वेगळाच हिशेब सुरू होतो, म्हणून या लेखापुरते आम्ही ‘आयात शुल्क’ असेच म्हणू.

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. त्याआधी आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या बहुतेक मालावर अमिरातीत ५ टक्के आयात शुल्क पडायचे. तयार कपडे, टॉवेल, चपला, चामड्याच्या पिशव्या, सोन्याचे दागिने, सगळ्यांनाच. भारतातून तिकडे जाणाऱ्या मालापैकी किमतीच्या हिशेबाने सुमारे ९० टक्के मालावरचे शुल्क कराराच्या पहिल्या दिवसापासून शून्य झाले. आपल्या माणसांच्या हातचे जे उद्योग आहेत, त्यांतले बरेच या यादीत येतात. धारावीत चामड्याचे पाकीट शिवणारा कारागीर, सोलापुरात टेरी टॉवेल विणणारा कारखानदार, मुंबईत दागिने घडवणारा, सगळेच त्यात आले.

तरीही विषय निघाला की उत्तर ठरलेले असते. ‘ते मोठ्या कंपन्यांचे काम, आपल्याला काय त्याचे?’ दुबई-शारजाला मेव्हणा, भाचा किंवा चुलतभाऊ नाही असे घर कोकणात शोधावे लागेल, पण तिकडे पगारासाठी जाणे जितके अंगवळणी पडले आहे तितके माल पाठवणे पडलेले नाही.

ही सवलत पडते कोणाच्या पदरात, हे आधी नीट समजून घेऊ. आयात शुल्क भरतो तो तिकडचा खरेदीदार. म्हणजे शुल्क माफ झाले की पहिला फायदाही त्याचाच. आपण गाफील राहिलो तर तो त्याच्याकडेच राहतो. समजा, सोलापूरच्या एका कारखान्याचे टॉवेल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत दुबईला गेले. जहाजभाडे आणि विमा धरून तिकडच्या बंदरावर मालाची किंमत ५ लाख रुपये झाली. शुल्क याच एकूण किमतीवर मोजतात, नुसत्या मालाच्या किमतीवर नाही. करार नसता तर खरेदीदाराला २५ हजार रुपये भरावे लागले असते. आता ते वाचले. पण कारखानदाराला टॉवेलचा भाव तोच मिळाला, जो २०२१ साली मिळत होता. मधल्या मधे २५ हजार दोघांत वाटले गेले आणि ज्याच्या मागावर टॉवेल विणले गेले त्याला त्याची खबरही नाही.

त्या २५ हजारांतले १० हजार जरी भावात मागून घेतले, तरी ते टॉवेलच्या किमतीचे २ टक्के होतात. छोट्या कारखान्यात नफाच मुळी चार-पाच टक्क्यांवर येऊन ठेपलेला असतो. तिथे २ टक्के म्हणजे खैरात नव्हे, एका कामगाराचा पगार आहे. आणि मागायला जागा आहे. शुल्कमाफीसाठी माल भारतातच तयार झाला, असा दाखला लागतो. व्यापारी तो दाखला काढायला जातो तेव्हा माल कोणी बनवला, कच्चा माल कुठला, त्यावर खर्च किती झाला, ही माहिती त्याला आपल्याकडूनच घ्यावी लागते. कागद आपल्या सहीवाचून पुरा होत नाही. सही करायच्या आधी भावाची गोष्ट काढायची, नंतर नाही.

या दाखल्याबाबत एक गफलत फार होते. मूळ देशाचे दाखले दोन प्रकारचे असतात. एक साधा दाखला, जो व्यापारी चेंबर देते. त्यावर ‘माल भारतातला’ एवढेच असते. त्याने शुल्क माफ होत नाही. दुसरा सवलतीचा, जो त्या त्या करारासाठीच काढावा लागतो. तो सरकारने नेमलेल्या संस्था देतात, जसे निर्यात तपासणी परिषद, आणि कापडासाठी टेक्स्टाइल्स कमिटी. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. चेंबरचा दाखला जोडून माल पाठवला आणि तिकडे ५ टक्के भरावे लागले, तर दोष कराराला देऊन उपयोग नाही.

सवलतीच्या दाखल्याआधी आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक. तो पॅनवर, ५०० रुपये शुल्क भरून घरबसल्या निघतो. मात्र दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा पक्की करावी लागते, काही बदल नसला तरीही. नाही केली तर क्रमांक बंद पडतो, आणि हे नेमके माल बंदरावर उभा असताना कळते. दुसरी गोष्ट, मालाचा एचएस क्रमांक. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. सुती टेरी टॉवेल ६३०२६० मध्ये येतो, चपला-बूट चौसष्टाव्या प्रकरणात. शुल्क शून्य आहे की नाही आणि भारतात किती काम झालेले असावे लागते, ही दोन्ही उत्तरे याच क्रमांकावरून मिळतात. शेजारच्या कारखान्याचा क्रमांक उचलून आपल्या बिलावर टाकू नये.

‘भारतात किती काम’ ही अट कागदापुरती नाही. चीनहून आलेली पिशवी उघडून तिच्यावर आपल्या नावाची पट्टी शिवली तर ती भारतीय ठरत नाही. या करारात बहुतेक वस्तूंना किमतीचा ठरावीक हिस्सा इथल्या कामाचा असावा लागतो, आणि तो नियम वस्तूगणिक बदलतो. चेन, बकल, अस्तर बाहेरून घेतले तर त्यांची बिले जपून ठेवावीत. दाखला मिळाल्यावरही विचारणा होऊ शकते.

तिकडच्या नातेवाईकाला दुकानदार बनवून माल पाठवायचा विचार करणाऱ्यांसाठीही थोडे सांगायला हवे. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. तो आयात शुल्काहून वेगळा, आणि करारानंतरही लागतोच. आकडा तोच असल्यामुळे ‘कुठे झाले शून्य? पाच टक्के घेतलेच की!’ अशी तक्रार होते. दुसरे, दुबईत शून्य म्हणून रियाधमध्येही शून्य, असे नाही. आखाती देशांचा आपसांत शुल्कसंघ असला तरी हा करार फक्त अमिरातीशी आहे. सौदीत भारतीय मालाला सौदीचे शुल्क पडतेच. रमजानच्या आधीची मोठी ऑर्डर जिद्दाहून असेल तर भाव त्या हिशेबाने लावावा.

फायदा सगळ्यांना सारखा पोहोचतो, असे आम्ही म्हणणार नाही. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर विणले जाणारे बहुतेक कापड कोरे असते. ते व्यापाऱ्याकडे जाते, रंगाई-छपाई दुसरीकडे होते, शिवण तिसरीकडे. दुबईच्या शुल्कमाफीतले काही मागे मागे झिरपत त्या मागापर्यंत येईल, ही आशा दुबळी आहे. उलट, करार दुसऱ्या बाजूनेही कापतो. सार्क देशांचा साफ्टा करार २००६ पासून लागू आहे आणि त्याखाली २०११ पासून बांगलादेशाच्या जवळजवळ सगळ्या मालाला भारतात शुल्क नाही, तयार कपडेही त्यात आले. तिकडचे शर्ट इकडे स्वस्त विकले जातात, तेव्हा इथला शिलाईवाला आणि त्याला कापड देणारा मागवाला, दोघांचेही काम कमी होते. अशा माणसाला दुबईच्या सवलतीचे गोडवे ऐकवणे बरे दिसत नाही. त्याला मार्ग आहे तो कोऱ्या कापडापुढे जाण्याचा. चार-पाच कारखान्यांनी मिळून चादर, टॉवेल, कुर्ता, काहीतरी तयार वस्तू करावी आणि ती एकाच नावाने पाठवावी. दहा पेट्यांसाठी एकट्याने दाखला, दलाल, भाडे करत बसणे परवडत नाही. शंभर पेट्या असल्या की तोच खर्च वाटला जातो.

एकदा ही कागदपत्रे बसवली की ती पुढेही कामी येतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि तिथेही आपल्या कपड्यांवरचे ५ टक्के शुल्क गेले आहे. दाखला मात्र त्या कराराचा वेगळा काढावा लागतो.

चौकशीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाची कार्यालये महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. जाताना पॅन, जीएसटीचा क्रमांक, मालाचा नमुना आणि कच्च्या मालाची बिले बरोबर न्यावीत. घरातली मुलगी वाणिज्य शाखेत शिकत असेल तर तिलाही सोबत घ्यावे. हे अर्ज भरायला तिला अब्बांपेक्षा निम्मा वेळ लागेल.